गावठी संपले: म्हापशातल्या एका काजूवाल्याचा हिशेब

दुकानाचं नाव इथे दिलेलं नाही. मालकाची अट तीच होती, आणि त्या अटीतच दुकानाची अर्धी ओळख आहे. "छापू नका. गर्दी वाढली तर गावठी चतुर्थीआधीच संपेल, आणि मग भायल्या (बाहेरच्या) मालाला गावठी म्हणायची पाळी येईल." म्हापशाच्या बाजारपेठेतलं हे एका गाळ्याचं दुकान. आत पत्र्याचे डबे, एक काटा, एक फळा. पाटीवर छापलेलं नाव शेजारच्या दुकानदारालाही आठवून सांगावं लागतं. लोक मालकाच्याच नावाने "अमक्याचे काजू" म्हणतात, आणि समोर आले की त्याला शेट म्हणतात.

गोव्यातल्या काजूच्या दुकानांवर इंटरनेटवर शेकड्याने अभिप्राय सापडतात. मालक गोड बोलतो, पार्किंग आहे, चाखायला देतात, एसी थंड आहे. पाकीट घरी नेऊन कुणी दाणे मोजल्याचं मात्र वाचायला मिळत नाही. काजूवाल्याची परीक्षा करायची तर सुरुवात तिथून करावी लागते.

दर्जाचे आकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतात: १८०, २१०, २४०, ३२०. आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे दाणे बसतात ते. आकडा लहान तेवढा दाणा मोठा. ग्रॅममध्ये उतरवलं की परीक्षा सोपी होते. १०० ग्रॅम वजन करून दाणे मोजायचे. ३२० चा माल असेल तर ६६ ते ७० दाणे भरतात, २४० चा असेल तर ४९ ते ५३, आणि १८० चा असेल तर ३८ ते ४०. चमचाभर मोजून चालत नाही. १०० ग्रॅमचे निदान दोन नमुने मोजावेत, एक पाकिटाच्या वरचा आणि एक तळाचा. कारण फसवणूक सहसा तळाशी असते. वर २४० चा थर, खाली ३२०, त्याखाली पाकळ्या. पाकळी म्हणजे दाण्याचा उभा अर्धा भाग. चवीला ती अख्ख्या काजूइतकीच चांगली, आमटीत आणि बर्फीत तीच घालावी. फक्त अख्ख्याच्या भावाने ती विकत घ्यायचं कारण नाही.

या दुकानात २४० च्या अर्ध्या किलोच्या पाकिटातून वरचे १०० ग्रॅम काढले तर ५१ दाणे भरतात आणि तळाचे काढले तर ५२. पाकळ्या दोन, त्याही बहुधा वाटेत फुटलेल्या. ३२० च्या पाकिटात वर ६८, खाली ६९. पाकीट भरताना मालक डबा आडवा करून मधल्या थरातून माल घेतो. वरून ओंजळीने घेतलं की मोठे दाणे आधी हाताला येतात आणि तुकडे खाली राहतात. डबा संपत आला की उरलेला चुरा-तुकडा तो वेगळ्या डब्यात टाकतो आणि त्याचा भाव वेगळा लावतो. फळ्यावर या मोसमाचे भाव असे आहेत: सालासकट भाजलेला गावठी १२००, सोललेला २४० चा १०८०, ३२० चा ९८०, पाकळी ८८०, तुकडा ७६०. सगळे किलोचे. घासाघीस केली तर तो हसतो, आणि पाकळीच्या डब्याकडे बोट दाखवतो.

दुसरी परीक्षा ओलाव्याची. चांगल्या वाळवलेल्या गरात ओलावा ५ टक्क्यांच्या वर नसावा. ८ टक्के असला तर किलोमागे ३० ग्रॅम पाणीच विकत घेतलं, म्हणजे २४० च्या भावाने साधारण ३२ रुपये. डोळ्यांना हे दिसत नाही, दातांना कळतं. दाणा दोन बोटांत धरून मोडावा. कोरडा असेल तर कट्कन तुटतो, ओला असेल तर आधी वाकतो. गोव्याच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातला काजू दोन-तीन दिवसांतच नरम पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या दुकानात पावसात एका वेळी एकच डबा उघडा असतो आणि बाकीचे सील केलेले. हे चांगलंच. पण पाकिटाची पिशवी पातळ प्लास्टिकची, तोंडाला रबरबँड. पावसात घरी नेलेला माल त्याच पिशवीत ठेवला तर आठवड्यात नरम होणार, आणि दोष शेटच्या माथी येणार. जाड पिशवी आणि सील करायचं छोटं यंत्र घ्यायला त्याला कुणी अडवलेलं नाही.

वजनाबद्दल थोडं सविस्तर, कारण फसवणूक इथे सगळ्यात सोपी आणि सगळ्यात रोजची. मिठाईवाल्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं वजन ५०-६० ग्रॅम सहज असतं. खोक्यासकट किलो केला तर २४० च्या भावाने ५४ ते ६५ रुपयांचा पुठ्ठा घरी येतो. काटा इलेक्ट्रॉनिक असला म्हणून काही बिघडत नाही. खोकं आधी काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा असतो, आणि गर्दीत नेमकं तेच राहून जातं. दर वेळी ते चुकून राहतं असं मात्र नाही. काट्याची दर वर्षी वजनमाप कायद्यानुसार पडताळणी व्हावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. ते नुसतं आहे का एवढं पाहू नका, तारीखही बघा. शंका आली तर लिटरभर पाण्याची सीलबंद बाटली काट्यावर ठेवा. किलोच्या वर बाटलीच्या वजनाचे थोडे ग्रॅम दिसले पाहिजेत. किलोपेक्षा बरंच कमी दिसलं तर काटा बिघडलेला आहे, किंवा बिघडवलेला. या दुकानात प्रमाणपत्र काट्याच्या मागच्या भिंतीवर आहे आणि तारीख चालू वर्षाची आहे. काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे आहे. रिकामी पिशवी ठेवून शून्य केल्याशिवाय मालक माल ओतत नाही, मग शंभर ग्रॅम असो की पाच किलो. अर्ध्या किलोची चार पाकिटं पिशवी वजा करून तोलली तर ५०० ते ५०४ ग्रॅम भरतात.

इथपर्यंतचं सगळं गिऱ्हाईक स्वतः तपासू शकतं. काटा, मोजणी, दात. त्यासाठी दुकानदार इमानी असलाच पाहिजे असं नाही, गिऱ्हाईक जागं असलं की पुरे.

पेच येतो "गावठी" या शब्दावर. काजूचं झाड सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आलं, म्हणजे गावठीसुद्धा मुळात परदेशीच. तो विनोद बाजूला ठेवू. बाजारात गावठी म्हणजे सत्तरी, पेडणे, डिचोली, सांगे, धारबांदोडा, काणकोण अशा भागांतल्या बागांत मार्च ते मे या दिवसांत पडलेली बी, इथेच भाजून सोललेली. दुसरीकडे गोव्यातले कारखाने आफ्रिकेतून आलेली कच्ची बीही मोठ्या प्रमाणावर फोडतात. त्यात गैर काही नाही, माल चांगलाही असतो. गैर आहे ते त्यावर "गोव्याचा गावठी" अशी चिठ्ठी लावणं. आणि ही चिठ्ठी खरी की खोटी ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. कुणी छातीठोकपणे ओळखतो म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

भाजण्याची पद्धत तेवढी ओळखता येते. बी उघड्या आगीवर किंवा ड्रममध्ये भाजली की टरफलातलं तेल पेट घेतं. त्या धुराचा वास गराला लागतो आणि रंग किंचित तांबूस होतो. वाफेच्या पद्धतीत बी बॉयलरच्या वाफेवर शिजवतात, कापतात आणि गर बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या कपाटात, काही तास सुकवतात. मग साल सहज सुटते आणि दाणा पांढराशुभ्र राहतो. गोव्यात धुराच्या वासाला गावठीची खूण मानतात. पण आफ्रिकेची बी ड्रममध्ये भाजली तरी धुराचा वास येणारच, आणि सत्तरीची बी वाफवली तर येणार नाही. सालासकट भाजलेला काजूही आता कुठूनही आलेला असू शकतो. वास पद्धतीचा असतो, गावाचा नसतो.

म्हणजे इथे काटा नाही, मोजणी नाही, दातही उपयोगाचे नाहीत. मालकाच्या शब्दाला किंमत येते ती नेमकी इथे. नाव हवं असतं ते याच जागेपुरतं, बाकी ठिकाणी नावाची गरजच पडत नाही.

पण शब्दही अगदीच आंधळेपणाने घ्यावा लागत नाही. त्याला एक हिशेब लावता येतो, तो असा. एक किलो गर काढायला साधारण ४ ते साडेचार किलो वाळलेली बी लागते. बी किलोला १३० रुपये धरली तरी नुसत्या बीचे ५२० ते ५८५ रुपये झाले. त्यावर भाजणं, हाताने फोडणं, सोलणं, निवडणं, तुटफूट आणि दुकानाचं भाडं. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा एरंडेल लावून बसतात. त्या मजुरीचा भाव काही कमी नसतो. तेव्हा किनाऱ्याच्या वाटेवर "गावठी, अख्खा, ६०० रुपये किलो" असा फलक दिसला तर त्यातला एक तरी शब्द खोटा असणार. गावठी नसेल, अख्खा नसेल, किंवा किलो तरी भरत नसेल.

हिशेबाचा दुसरा भाग पुरवठ्याचा. दुकानदाराला विचारावं, मोसमात बी किती घेतली? हा शेट सहा टन सांगतो, आणि बागायतदारांच्या पावत्यांची चळत काढून ठेवतो. सहा हजार किलो बीतून गर निघतो तेराशे ते पंधराशे किलो, तोही अख्खा, पाकळी, तुकडा सगळं धरून. रोजची विक्री दहा किलोच्या आसपास असेल तर माल १३० ते १५० दिवस पुरतो. मेअखेर विक्री सुरू झाली तर ऑक्टोबरात डबा खडखडाट झाला पाहिजे. आणि तसंच होतं. दिवाळीच्या सुमाराला फळ्यावरची "गावठी" ही ओळ पुसलेली असते आणि त्या जागी खडूने लिहिलेलं असतं, "संपले." खाली दुसरी ओळ, "बी भायली, सोलल्या हांगा," म्हणजे बी बाहेरची, सोललेली इथे. त्याचा भाव किलोमागे शंभराने कमी.

हीच गणितं रोज पन्नास किलो विकणाऱ्या दुकानाला लावून पाहा. वर्षाचे बाराही महिने गावठी देणाऱ्याकडे वर्षाला ७५ ते ८० टनांच्या आसपास बी यायला हवी. येतही असेल, मोठे व्यापारी बी वाळवून वर्षभर साठवतात. मग पावत्या दाखवायला अडचण नसावी.

दिवाळीत मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं म्हापशात उतरतात आणि गावठीच मागतात. तेव्हा गल्ल्यावर जे घडतं ते पाहण्यासारखं आहे. बाई पर्स उघडून उभी, दोन किलो हवेत, भाव विचारलेला नाही. शेट डब्यावर हात ठेवतो आणि उघडत नाही. "हें गांवठी न्हय, बाय. गांवठी जाय जाल्यार मे म्हयन्या उपरांत येयात." बाईला कोकणी कळत नाही, तो मराठीत पुन्हा सांगतो: हे गावठी नाही, गावठी हवे तर मे महिन्यानंतर या. तीन गिऱ्हाइकांतलं एक पाठ फिरवतं आणि पुढच्या दुकानात जाऊन गावठीच घेतं. उरलेली दोन तोच बाहेरचा माल शंभराने कमी भावात नेतात. दोन किलोला दोनशे रुपये त्याने सोडलेले असतात, आणि सोडले नसते तर ते कुणालाही कळलं नसतं.

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं चिन्ह पाकिटावर लावायचा हक्क नोंदणी झालेल्या वापरकर्त्यालाच आहे. या शेटने नोंदणी केलेली नाही. "कागद करायला वेळ नाही" हे त्याचं उत्तर, आणि ते पटण्यासारखं नाही. ज्याला खोट्या गावठीचा राग आहे त्यानेच खरं चिन्ह लावलं नाही तर ते चिन्ह कोण लावणार?

तक्रार याहून मोठी आहे. शुक्रवारच्या बाजाराला गर्दी असते म्हणून गुरुवारी रात्री पाव आणि अर्ध्या किलोची पाकिटं भरून ठेवतात. गिऱ्हाइकासमोर तोलून दिलेला सुटा माल वेगळा आणि त्याच्या गैरहजेरीत आधी भरून ठेवलेलं पाकीट वेगळं. दुसऱ्या प्रकारात पाकिटावर भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक हवाच. इथे एक रबरी शिक्का, त्यात दुकानाचं नाव आणि फोन. बाकी कोरं. लोक शेटला ओळखतात म्हणून कुणी विचारत नाही. पण पाकीट म्हापशातून नागपूरला गेलं की तिथे शेट नसतो, फक्त पाकीट असतं. चांगल्या नावाने असा आळस चढतो, आणि याच आळसाचा फायदा पुढे दुसरा कुणी घेतो.

शिक्क्याच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने एक खूण मात्र असते: "ग १४", "भ ३". ग म्हणजे गावठी, भ म्हणजे भायला, आकडा डब्याचा. गल्ल्याखाली दोनशे पानी वही आहे. त्यात डबा कधी उघडला, कुठल्या बागेची बी, कधी भाजली, कधी संपला. कुणी खवट लागला म्हणून पाकीट परत आणलं तर शेट आधी कोपरा बघतो, मग वही. पैसे परत देतो, अर्धं खाल्लेलं असलं तरी. पण मोलाची गोष्ट पुढची आहे. त्या डब्यातलं उरलेलं सगळं विक्रीतून काढतो आणि वहीत त्या ओळीवर काट मारतो. काजूत निम्म्याच्या जवळपास तेल असतं, हवा आणि ऊन लागलं की ते खवट होतं, जुन्या खोबऱ्यासारखा वास येतो. पुष्कळ ठिकाणी असा डबा मसाला काजू होऊन परत काउंटरवर येतो. मीठ, मिरची आणि तळणीच्या तेलाखाली खवटपणा झाकला जातो. म्हणून मसाला काजू विकत घेताना आधी बिनमसाल्याचा दाणा चाखायला मागावा. या दुकानात मसाला काजू मिळत नाही. फक्त खारा, आणि त्यात मीठ अंमळ जास्तच असतं. बिअरबरोबर ठीक, नुसता खायला नाही.

टॅक्सीवाल्यांना टक्का देत नाही, ही गोष्ट तो स्वतः सांगत नाही, स्टँडवरचे ड्रायव्हर सांगतात, तेही तक्रारीच्या सुरात. पर्यटकांना दुकानात आणून सोडलं की शंभरातले अमुक ड्रायव्हरला, हा व्यवहार किनारपट्टीला नवा नाही. ते पैसे भावातून किंवा वजनातून निघतात, तिसरी जागाच नाही. टक्का न देणाऱ्याच्या दारात बस थांबत नाही, आणि म्हणून या दुकानात गर्दी असते ती म्हापसेकरांची, बार्देशच्या गावांतून शुक्रवारी येणाऱ्यांची, आणि मुंबईहून चतुर्थीला घरी येणाऱ्यांची. हीच माणसं पुढच्या वर्षी पुन्हा येणार असतात, एकदा येऊन जाणारी नसतात. खोटं बोलणं अशा गिऱ्हाइकांपुढे महागात पडतं, हेही खरं. नुसत्या चांगुलपणाने दुकान चाललं आहे असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

आता मुलगा गल्ल्यावर बसू लागला आहे. दोन वर्षांपासून कुरिअरने माल पाठवतो, फोनवर फोटो टाकतो, आणि पाकिटात चिठ्ठी घालतो की पाच तारे द्या, पुढच्या खरेदीवर पन्नास रुपये सूट. ही चिठ्ठी काढून टाकावी. सवलतीच्या बदल्यात मिळालेला तारा काजूबद्दल काहीच सांगत नाही, आणि बापाने वहीत मारलेल्या काटेची किंमत त्याने कमी होते. फोटोतला काजू १८० चा दिसतो, यादीत नुसतं "जंबो" लिहिलंय, आकडा नाही. मागवलेल्या पाकिटात १०० ग्रॅमला ४५ दाणे भरले, म्हणजे माल २१० चा. तो उत्तम माल आहे आणि भावही २१० ला शोभेल असाच लावलेला आहे. फसवणूक म्हणता येणार नाही. तरी गल्ल्यावर बाप आकडा सांगितल्याशिवाय डबा उघडत नाही, आणि कुरिअरच्या यादीत आकडाच नाही, हा फरक टिपून ठेवण्याजोगा आहे. कुरिअरच्या पाकिटाच्या कोपऱ्यात निळी खूण आहे का, तेही पाहिलं. आहे. "ग २२."

जायचं तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जावं, शुक्रवारी बाजाराच्या दिवशी बोलायला उसंत नसते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरून न्यावा, तो तोलून शून्य करून त्यातच भरून देतात. पहिल्यांदा घेत असाल तर पाव किलोच घ्या, दुकानातच १०० ग्रॅम मोजायला मागा. शेट चिडत नाही, बशी पुढे करतो. मुलगा बशी पुढे करतो का, ते पुढच्या मार्चात नवी बी आल्यावर पाहून इथेच लिहू.